आपल्या घराचं चित्र

मामंजी,

काल शाळेतले चित्रकलेचे नवे मास्तर घरी आले होते. पोरसवदाच आहेत. चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "आजी, तुमच्या सासऱ्यांनी नळदुर्गातल्या समद्या जुन्या इमारतींची चित्रं काढली व्हती म्हणं. एखादं तरी ऱ्हायलंय का?" मी म्हटलं, आधी बसा, चहा टाकते. उत्तर जुळवायला मला चहाच्या उकळीएवढा वेळ लागत नाही, ते गेली साठ वर्षं तयारच आहे. रझाकारांच्या झडत्या चालू होत्या, किल्ल्याची आणि पुलाची चित्रं सापडली असती तर नकाशे समजून घरादाराला धरून नेलं असतं, म्हणून मीच सगळी जाळली. मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं. शाळेचा अंक निघणार आहे, त्यात तुमच्यावर लेख यायचा आहे. उठताना म्हणाले, "आजी, लई धीराचं काम केलंत तुमी." हे मी पूर्वी एकदा ऐकलेलं आहे, तुमच्या तोंडून. तेव्हाही मान खाली घालून बसले होते आणि कालही तशीच बसले.

गुरुवारी ते परत येणार आहेत. त्यांच्या मनात असं आहे की मी एकेक चित्र आठवून सांगायचं आणि त्यांनी ते काढायचं. काल थोडा प्रयत्न केला. मी सांगत गेले आणि ते पेन्सिल चालवत गेले, आणि तासाभरात जुनी वेस समोरच्या कागदावर उभी राहिली. उजव्या बुरुजावर उगवलेला पिंपळ, कमानीतला निखळलेला दगड, सगळं. मास्तर म्हणाले, आजी, तुमची नजर काय तेज आहे! नजर कसली. जाळताना प्रत्येक कागद हातात धरून पाहिला होता, म्हणून लक्षात आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेतून निवृत्त झाला होतात. सासूबाई तर मी यायच्या आधीच गेलेल्या. तुमचा मुलगा सोलापूरच्या गिरणीत, महिन्या दोन महिन्यांनी यायचा. म्हणजे घरात माणसं दोन, तुम्ही आणि मी, आणि दोघांमध्ये माझा कपाळापर्यंत ओढलेला पदर. सकाळी चहा पिऊन तुम्ही निघायचात. काखेत फळी, तिच्यावर हैद्राबादहून आणवलेला जाड कागद, कोटाच्या खिशात रंगाची डबी आणि ओळंबा. गवंड्यांचा असतो तोच, दोरीला लोंबणारा पितळी. मला वाटायचं, चित्र काढणाऱ्या माणसाला ओळंबा कशाला लागतो? विचारायची हिंमत नव्हती. तुम्ही इमारतीसमोर बसायचात, हात लांब करून तो दोरीला सोडायचात, एक डोळा मिटायचात, आणि मगच पहिली रेघ मारायचात.

नळदुर्ग म्हणजे एकेकाळचं जिल्ह्याचं ठाणं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. तुमच्या लहानपणी ठाणं धाराशिवला गेलं. सरकारी कागदात उस्मानाबाद लिहायचे, तुम्ही घरात धाराशिवच म्हणायचात. साहेब लोक गेले, कारकून गेले, त्यांच्यामागं सावकार गेले, आणि कचेऱ्या, हवेल्या, पागा कुलूप लावून तशाच राहिल्या. तुम्ही त्या एकेक करून काढत होतात. तीस वर्षं. शाळा सुटली की आणि सुट्टीच्या दिवशी. चित्रं कुणाला विकली नाहीत, कुणाला दिलीही नाहीत. वाळली की मागच्या बाजूला उर्दूत काहीतरी बारीक लिहायचात आणि लोखंडी ट्रंकेत ठेवायचात. मी सोलापूरकडची, इंग्रजी मुलखातली, चौथीपर्यंत मराठी शाळा शिकलेली. उर्दू मला म्हणजे मुंग्यांची रांग.

लग्नाला महिना झाला असेल. बोरी नदीवर धुणं धुवायला गेले होते. शेजारच्या अक्कानं लुगडं आपटता आपटता विचारलं, "तुझ्या सासऱ्यानं अजून तुमचं घर न्हाय न काढलं?" मी म्हटलं नाही. "नगं काढू दीऊस बाई. त्येनी काढलं की पडतंय." बाकीच्या हसल्या, पण अक्का हसली नाही. तिनं मोजून दाखवलं. कचेरी काढली, वर्षाच्या आत छत बसलं. पागा काढली, ती पावसाळ्यात गेली. बाजारातल्या आडत्यानं तर म्हणे हात जोडून सांगितलं होतं, मास्तर, समदं गाव काढा, आमच्या दुकानाकडं तेवढं बघू नका. मी घरी आले ती आपल्या भिंतींकडं बघतच.

हवेलीतल्या बडी बीची गोष्ट तर माझ्यासमोरची. नवरा जाऊन जमाना झालेली, एकटी राहायची, आणि तिच्या दाराच्या चौकटीवर दगडी मोर होते. ते मोर तुम्हाला हवे होते. संक्रांतीचा तिळगूळ घेऊन मी गेले तर तिनं माझ्याकडून निरोप धाडला, "मास्टर साब कू बोल, मेरे जीते जी मेरे घर की तस्वीर नक्को उतारो. मैं मरी तो उतार लेव." मी तो निरोप पदराआडून तुम्हाला सांगितला. तुम्ही मान हलवलीत आणि शब्द पाळलात. ती गेली, चाळीस दिवस झाले, मग तुम्ही फळी घेऊन गेलात. चित्र पुरं झालं आणि पंधरवड्यात हवेलीचं तोंड रस्त्यावर आलं, मोरांसकट. त्या दिवशी मी पाण्याला गेले तेव्हा आडावरच्या बायका माझ्याकडं पाहून बाजूला झाल्या.

तुम्हाला हे सगळं माहीत होतं. एकदा जेवताना तुम्ही आपणहून बोललात, एरवी ताटावर तुम्ही कधी बोलत नसायचात. म्हणालात, "गावाला काय बोलायचं ते बोलू दे माय. तोंड हाय, बोलतंय. माझ्या घरात कुणी असलं मानत न्हाय, तेवढं पुरं हाय मला." मी भाकरी वाढत होते. हात थांबला नाही, हे मला चांगलं आठवतं. भाकरी वाढली, वर लोणीही ठेवलं.

पुढच्या फाल्गुनात माहेरी बाळ झालं. चैत्रात मी परत आले आणि त्यानंतर रस्ते अवघड होत गेले. तुमचा मुलगा सोलापुरात अडकला, त्याच्या चिठ्ठ्याही बंद झाल्या. गावात रोज नवी बातमी. आज अमक्याच्या घराची झडती, उद्या तमकं कुटुंब पहाटे गाडी जोडून हद्दीपार गेलं. बाळाची झोळी मी पूर्वेच्या भिंतीला बांधली होती, तिकडं गारवा असायचा. तुम्ही येता जाता झोळीला एक झोका द्यायचात.

वैशाखातली सकाळ. घागर घेऊन परत आले तर तुम्ही समोरच्या लिंबाखाली फळी मांडून बसलेले. ओळंबा सोडलेला, डोळा मिटलेला, आणि तोंड आपल्या घराकडं. मी दारातच उभी राहिले. पदर सावरत विचारलं, "मामंजी, आपलं घर कशाला?"

"समद्या गावाचं काढलं, आपलंच ऱ्हायलंय की गं."

"पण... आत्ताच कशाला?"

तुम्ही फळीवरून वर पाहिलंत. हसलात. "तुला बी गावाचं वारं लागलं का काय?"

"न्हाय मामंजी. उगं इचारलं."

चार दिवस तुम्ही बसत होतात. चार दिवस मी बाळाला मांडीवरून खाली ठेवलं नाही. पाचव्या दिवशी जळकोटला कुणाचा तरी दहावा होता, तुम्ही सकाळी गेलात. मी ट्रंक उघडली. सगळ्यात वर आपलं घर होतं. त्या कागदावर काय होतं ते शेवटी लिहीन, आत्ता धीर होत नाही. उलटून पाहिलं तर मागं मुंग्यांची रांग. मला वाटलं, जे काही होतं ते या लिहिण्यानंच होतं. न्हाणीची चूल पेटतीच होती. कागद आत सारला. कडा काळ्या झाल्या, रंगाचा कडवट वास आला, आणि एका क्षणात सगळं निवलं. मला इतकं हलकं वाटलं की मी बाळाचा मुका घेतला.

मग भानावर आले. तुम्ही ट्रंक उघडाल तेव्हा एवढाच एक कागद नसेल. म्हणजे तुम्हाला कळेल, दुसरं काय? कळेल की तुमच्या घरातही असलं मानणारं माणूस आहे, रोज तुम्हाला वाढणारं. ती लाज मला सोसली नसती. आणि त्याच वेळी मला झडतीची युक्ती सुचली. कुणी सांगितलं नव्हतं, आपल्या दारात कुणी फिरकलंही नव्हतं. ती युक्ती खरी वाटायची तर सगळीच चित्रं जायला हवी होती. म्हणून बाकीचे कागद एकेक करून चुलीत घातले. वेस, कचेरी, पागा, बारव, बडी बीचे मोर, किल्ल्यातला पाणीमहाल. पहिला कागद मी भीतीनं जाळला, मामंजी. उरलेली तीस वर्षं तो एक झाकायला जाळली. दुपारपर्यंत वेळ लागला. मधे बाळ रडलं तेव्हा उठून त्याला पाजलं आणि परत येऊन बसले.

संध्याकाळी तुम्ही आलात. मी पाठ केलेलं बोलले. तुम्ही ओट्यावर बसलात. पायातला जोडा एकच काढला होता, दुसरा तसाच. मग उठलात, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "बरं केलंस माय. लई धीराचं काम केलंस. घर वाचिवलंस." थोड्या वेळानं विचारलंत, "आपल्या घराचा कागद बी?" मी म्हटलं, व्हय. तुम्ही खिशातून ओळंबा काढून पूर्वेच्या भिंतीपाशी गेलात, आतून दोरी सोडून पाहिलीत, मधे बोटं घालून पाहिलीत. मग बाळाची झोळी सोडलीत आणि पलीकडच्या तुळईला बांधलीत. म्हणालात, "हितं उजेड येतोय त्येच्या डोळ्यावर." पूर्वेच्या त्या भिंतीला खिडकीच नव्हती. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

आषाढात झड लागली. सहा दिवस सूर्य दिसला नाही. माळवदावरची माती पाणी पिऊन बसली होती, तुम्ही भर पावसात वर चढून खोरं मारत होतात. सातव्या दिवशी भर दुपारी मी बाळाला थोपटत होते, आणि पूर्वेची भिंत आत आली. आवाज फार मोठा नव्हता. एक पोतं टाकावं तसा. धूळ खाली बसली तेव्हा जिथं आधी झोळी होती तिथं माझ्या छातीएवढा दगडमातीचा ढीग. बाळ पलीकडच्या झोळीत, डोळे टक्क उघडे, रडलंही नाही.

तुम्ही धावत आलात, चिखलानं भरलेले. बाळाला पाहिलंत आणि झोळीपाशी खाली बसलात. मग जे बोललात ते मी रोज ऐकते. "वैशाखातच दोन बोटं फुगली व्हती. तुला भ्या वाटंल म्हणून बोललो न्हाय. म्हटलं, काढून लिवून ठिवावं, म्हंजी म्हैन्याला किती सरकती ते कळंल." मी विचारलं, कुठं लिहीत होता? "कागदाच्या मागं. समद्याच्याच मागं लिवलेलं व्हतं. कुठली भिंत, कुठल्या म्हैन्यात, किती बोटं. आधी सांगून बघायचो लोकांला. बडी बीला बी सांगितलं, म्होरची भिंत फुगली, मागं ऱ्हावा. कोण ऐकतंय? अशुभ बोलतो म्हणायचे. मग म्हटलं, पडायच्या आधी निदान काढून तरी ठिवावं." मुंग्यांच्या रांगेत एवढंच होतं. तुम्ही काढल्यानं काही पडत नव्हतं. पडणार होतं तेच तुम्ही काढत होतात. ज्या नजरेनं माझं पोर वाचवलं, तिच्याच भीतीनं मी त्याच पोरासाठी सगळं जाळून बसले होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण तुम्ही बाळाच्या पायावरून हात फिरवत म्हणालात, "आपल्या घरात अक्कल हाय म्हणून बरं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, म्हाताऱ्यानं काढलं म्हणून पडलं." माझं तोंड मिटलं.

भाद्रपदात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, तुमचा मुलगा परत आला, भिंत नव्यानं बांधली. गावात मराठी शाळा निघाल्या, शिकवायला माणसं मिळेनात, आणि तुम्ही भावकीचं बोलणं कानाआड करून मला ट्रेनिंगला पाठवलंत. मी शाळेतली बाई झाले. हे लिहायला बसण्याइतकं जे काही आहे ते तुमचं आहे. आणि तुम्ही त्यानंतर एकही चित्र काढलं नाहीत. माझ्या पहिल्या पगारात मी सोलापूरहून जाड कागद आणि रंग आणले. तुम्ही कागदावरून हात फिरवलात, "लई ग्वाड कागद हाय," म्हणालात आणि नातवाला नावा करायला दिलात. सकाळी मात्र ओळंबा खिशात टाकून निघायचात. उरलेल्या भिंतींसमोर दोरी सोडून उभे राहायचात, डोळा मिटायचात, आणि तसेच परत यायचात. तुमचे रिकामे हात पाहिले की मला घरात पळावंसं वाटे. बारा वर्षं मामंजी, दिवसातून दोनदा तुमच्यापुढं ताट ठेवलं. सांगायला जागा नव्हती असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

शेवटच्या आजारात तुम्ही विचारलंत, "पाणीमहालाचा कागद लई जमला व्हता, न्हाय?" मी म्हटलं, व्हय. "पाणी पडतंय ते दिसत व्हतं का त्यात?" म्हटलं, दिसत होतं, उजव्या कमानीत पाण्यावर ऊन पण होतं. तुम्ही डोळे मिटून पडलात. मग म्हणालात, "तू बघितलास न्हवं, मग हाय तो." मी बाहेर जाऊन न्हाणीत बसले. त्याच चुलीसमोर.

आता गावात एक किल्ला सोडला तर तुमच्या ट्रंकेतलं काही शिल्लक नाही. पण माझ्यापुरतं कुठलंच गेलेलं नाही. स्टँडकडं जाताना जिथं वेस होती तिथं मी अजून मान खाली घालते, कमान डोक्याला लागेल म्हणून. रिक्षावाली पोरं हसतात. हवेलीच्या जागेवरच्या मोबाईलच्या दुकानात रिचार्ज करायला गेले तर काउंटरच्या वर मला ते दगडी मोर दिसतात, अर्धे जळालेले. कागद जळल्याचा वास आला की दिवसभर घास उतरत नाही. आणि हेही लिहून टाकते, नातसुनेला मी या सिमेंटच्या घराचा फोटो काढू देत नाही. काल मास्तरांनी मला दारात उभं करून फोटो घ्यायचं म्हटलं तर डोळे दुखतात म्हणून आत आले. सगळं कळूनही पाय आत वळले, त्याला काय करू?

जाता जाता मास्तरांनी विचारलं, "आणि आजी, तुमचं सोताचं घर? ते न्हाय का काढलं त्येनी?" मी म्हटलं, "न्हाय. आमचं घर तेवढं ऱ्हाऊनच गेलं." त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं.

गुरुवारी त्यांना सांगेन असं आत्ता वाटतं आहे. सांगितलं तर अंकात छापून येईल, माझा मुलगा वाचेल. साठी झाली त्याची, त्याला अजून वाटतं की आईनं रझाकारांपासून घर वाचवलं. बघू. हा कागद ट्रंकेत ठेवते. ती रिकामी ट्रंक मी अजून कुणाला घेऊ दिलेली नाही.

आता ते राहिलेलं. तुमच्या एकाही चित्रात माणूस नसायचं. कचेरीच्या पायऱ्यांवर नाही, बारवेच्या काठाला नाही. आपल्या घराचं दार मात्र तुम्ही उघडं काढलं होतं, आणि दारात एक बाई उभी होती. कमरेवर घागर, कपाळापर्यंत पदर, आणि पदराखालून सरळ तुमच्याकडं पाहणारे डोळे. तिच्या मागं अंधारात झोळीचा पांढरा कापडी कोपरा. त्या दिवशी मला एवढंच सुचलं, यात मी आहे आणि माझं लेकरू आहे, आता आम्ही पण जाणार. तुम्ही सबंध गावातून आम्हा दोघांनाच आत घेतलं होतं, हे मनात यायला पार आषाढ उजाडावा लागला.

आपलं घर तुम्ही काढलं होतं, मामंजी. फार चांगलं काढलं होतं. दारातली ती बाई मला बघताक्षणी ओळखू आली होती.